शहरातली सगळ्यांत समाधानी बाई

माझ्या आईने आयुष्यात एकदाही नगरपरिषदेत तक्रार केलेली नाही. नळाला गढूळ पाणी आलं तर ती हंड्याच्या तोंडावर फडकं बांधते, रस्त्यावरचा दिवा गेला तर अंधार पडायच्या आत घरी येते. आणि तरीही मधली काही वर्षं आमच्या शहरात सगळ्यांत जास्त तक्रारी तिच्या मोबाईल नंबरावर होत्या, आणि त्यातली प्रत्येक तक्रार तिच्या पूर्ण समाधानासह निकाली निघालेली होती. हे कसं घडलं ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मुळात मी बोलणारा माणूस नव्हे. कचेरीत लोक म्हणतात, याच्या पोटात काही आहे की नाही तेच कळत नाही. आहे.

मी नगरपरिषदेत लिपिक आहे. कोणत्या, ते सांगणार नाही. कर्जत आणि खोपोलीच्या मधल्या पट्ट्यातली, घाटाच्या पायथ्याची, एवढं पुरे. आधी ग्रामपंचायत होती. भाताच्या खाचरांवर इमारती उभ्या राहिल्या, मुंबईला कामाला जाणारी माणसं त्यांत राहायला आली, तशी नगरपरिषद झाली. हद्द आखताना लोकसंख्या जरा कमी पडत होती, म्हणून ओढ्यापलीकडची आदिवासी वाडीही आत ओढली. आपण शहरात आलो हे वाडीला कळलं ते घरपट्टीचं बिल आल्यावर.

ग्रामपंचायत असताना तक्रार म्हणजे माणूस यायचा. दारात उभा राहायचा, तंबाखू मळायचा, आधी पावसापाण्याचं बोलायचा आणि जाता जाता म्हणायचा, "ते गटाराचं तेवढं बघा." आम्ही बघायचो किंवा नाही बघायचो. नाही बघितलं तर तो पुन्हा यायचा आणि या वेळी पावसापाण्याचं बोलायचा नाही. तेवढ्यावरून किती निकड आहे ते समजायचं.

मग नव्या मुख्याधिकारी मॅडम आल्या. तरुण, हुशार आणि प्रामाणिक. हे मुद्दाम लिहितो, कारण यातली लबाडी त्यांची नव्हती. पहिल्याच बैठकीत त्या म्हणाल्या, "आपण वर्षभर राबतो, पण नक्की किती काम करतो हे आपल्यालाच माहीत नाही."

माझ्या शेजारी बसलेला पाणीपुरवठ्याचा माणूस हळूच म्हणाला, "माहीत नाही म्हणूनच बरं चाललंय ना."

ठरलं असं की प्रत्येक खात्याने आपलं उद्दिष्ट आपणच सांगायचं आणि ते गाठलं की नाही ते दर महिन्याला मोजायचं. माणसं कामाला लागली. कामाला म्हणजे उद्दिष्टाला. स्वच्छता निरीक्षक आमच्यातले अनुभवी. चहाच्या टपरीवर त्यांनी आम्हाला शिकवणी दिली. "उद्दिष्ट ठेवायचं ते आज जिथे उभे आहोत त्याच्या एक पायरी खाली. म्हणजे वर्षाअखेरीला आपण चढलो असं दिसतं." पाणीपुरवठ्याने 'रोज पाणी' असं उद्दिष्ट लिहून दिलं. मॅडमनी विचारलं, "पण तुम्ही तर एक दिवसाआड सोडता. रोज कसं होईल?" तो म्हणाला, "मॅडम, ज्या दिवशी सोडतो त्या दिवशी रोजच असतं." विजेच्या माणसाची अडचण वेगळी होती. चालू दिव्यांची मोजणी करायला पथक यायचं दिवसा. तेव्हा पथकाची सोय म्हणून आमच्या शहरातले दिवे भर उन्हात जळू लागले. पथक खूश. रात्री काही दिवे लागायचे नाहीत, पण रात्रीची मोजणी उद्दिष्टात नव्हती.

माझ्याकडे तक्रारींचं टेबल आलं. उद्दिष्ट: आलेली तक्रार सात दिवसांत निकाली. कचेरीच्या दालनात एक मोठा टीव्ही लावला. त्यावर शहराचा नकाशा, आणि नकाशात प्रत्येक वॉर्डाचा रंग. तक्रारी वेळेत सुटल्या की हिरवा, रेंगाळल्या की पिवळा, सात दिवस उलटले की लाल. जन्माच्या दाखल्यासाठी रांगेत उभी असलेली माणसं त्याच्याकडे क्रिकेटचा स्कोअर बघावा तसं बघत. "अरे, आपला पडला बघ पिवळा. विकेट गेली."

आता यात आम्ही नुसतं 'झालं' म्हणून चालायचं नाही, अशी व्यवस्था होती. आणि ती चांगली व्यवस्था होती. काम झालं की तक्रार करणाऱ्याच्या मोबाईलवर चार आकडी नंबर जायचा. तो नंबर त्याने आम्हाला सांगितला तरच तक्रार बंद व्हायची. म्हणजे शेवटचा शब्द नागरिकाचा. इमारतींतल्या लोकांना हे फार आवडलं. ते संध्याकाळच्या गाडीने परत येत, गटारात बॅटरी मारून बघत, नाकाला रुमाल लावून वास घेत आणि मगच नंबर देत. काही जण तरीही देत नसत. तो त्यांचा हक्कच होता.

वाडीचं मात्र निराळं झालं. वाडीत मोबाईलला रेंज नाही. फोन काही जणांकडे आहेत, पण बोलायचं तर ओढ्यापर्यंत उतरून, त्यावरचा साकव, म्हणजे छोटा पायपूल, ओलांडून अलीकडच्या टेकाडावर यावं लागतं. तिथे एक मोठा कातळ आहे, त्यावर उभं राहिलं की रेंज मिळते. त्यामुळे वाडीतलं काम होऊनही तक्रार बंद व्हायची नाही. नंबर जायचा, पण पोचायचा नाही. नकाशात वाडीचा वॉर्ड सदा लाल.

पहिली भानगड दिव्याची. वाडीच्या तोंडाशी एक खांब आहे, त्याच्यावरचा दिवा गेला होता. तक्रार घेऊन आली ती एक बाई. तिला आम्ही सगळे मावशी म्हणायचो. वयाने माझ्या आईपेक्षा थोडी लहान असेल. नगरपरिषदेच्या फाटकाबाहेर ती रानातल्या भाज्या-फळांची टोपली घेऊन बसायची. पावसाच्या तोंडावर शेवळं, मग टाकळा, कोरल, कंटोळी. उन्हाळ्यात करवंदं आणि जांभळं. शेवळं नीट शिजवली नाहीत तर घशाला खाजतात. ती खाज मोडायला त्यात काकडाची आंबट फळं घालतात. मावशी शेवळांच्या जुडीबरोबर मूठभर काकडं फुकट द्यायची, आणि बाहेरून आलेल्या बायकांना बजावायची, "ही टाकल्याबिगर खाऊ नका गं, मंग मला शिव्या द्याल."

दिवा खरोखर लागला. वायरमनने स्वतः जाऊन लावला. पण नंबर अडकला आणि वाडी लालच. बैठकीत मॅडमनी विचारलं, "काम झालंय ना? मग हे लाल का?" मी समोरच्या वहीची पानं उलटू लागलो. रेंजचं सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं, हे आज कळतं. तेव्हा मला एवढंच कळलं की सगळे माझ्याकडे बघतायत.

माझं घर कचेरीच्या मागेच आहे. दुपारी जेवायला घरी गेलो. आईचा फोन खिडकीत पडलेला होता. तो तिला मीच घेऊन दिला होता, गॅस सिलिंडरचा नंबर यायला आणि मामाशी बोलायला. मी त्या तक्रारीवर वाडीचा नंबर काढून आईचा घातला. तेवढी मुभा माझ्या टेबलाला होती.

"आई, तुज्या फोनवर एक नंबर आलाय बघ. सांग."

"गॅस आला?"

"नाय गं, हापिसचं हाय."

"गॅस नाय आन् नंबर कसला?"

"आमच्याकडं पन तसंच. काम झालं की नंबर द्यायचा."

तिने फोन हातभर लांब धरला, डोळे बारीक केले आणि मग थांबली. "झालं ना रं पन काम?"

"झालं."

मग तिने एकेक आकडा मोठ्याने वाचला, वाण्याला हिशेब सांगावा तसा. मी कचेरीत गेलो. वाडी हिरवी झाली होती. त्या दिवशी मी खोटं बोललो नव्हतो. आजही मला ते पुन्हा पुन्हा स्वतःला सांगावंसं वाटतं, यावरूनच पुढचं काय ते ओळखा.

पुढे वाडीची कुठलीही तक्रार आली की मी सरळ आईचाच नंबर घालू लागलो. सुरुवातीला काम झाल्यावर. मग काम उद्या होणारच आहे म्हणून आज. मग काम मंजुरीला गेलंय, म्हणजे झाल्यातच जमा, म्हणून. मग काम व्हायला हवं हे सगळ्यांना मान्य आहे म्हणून. प्रत्येक वेळी आई विचारायची, "झालं ना रं काम?" आणि मी ताटावरून मान वर न करता म्हणायचो, "झालं." तिला वाटायचं, पोराच्या कामाला आपला हातभार लागतोय. शेजारणीला ती सांगायची, "माज्या नंबराबिगर त्याच्या हापिसातली फाईल हालत नाय." आणि ते अक्षरशः खरं होतं.

एकदा मुंबईहून आईच्या मोबाईलवर फोन आला. निकाली तक्रारींवर लोक समाधानी आहेत का, ते विचारायला वरून एक मुलगी फोन करायची. मी समोरच बसलो होतो. हातातला घास हातातच राहिला.

"आजी, आपण मिळालेल्या सेवेबद्दल समाधानी आहात का?"

"समाधानी? हाय की. पोरगा हाय, सून हाय, दोन टायमाला भाकरी हाय. गुडघा दुखतो, पन तो काय तुमी नाय दुखवला."

"पाचपैकी किती गुण द्याल आजी?"

"पाच दे बाय. एवढ्या उनाची फोन करतंस. जेवलीस का?"

त्या तिमाहीत समाधानाच्या बाबतीत आमचं शहर आजूबाजूच्या सगळ्यांच्या पुढे होतं. मॅडमनी पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

इथपर्यंतचं मी कदाचित हसत हसत कुणाला सांगूही शकलो असतो. यापुढचं नाही.

वाडीतून शहरात यायला ओढ्यावर एक साकव आहे. लोखंडी अँगलवर सिमेंटच्या फरशा टाकलेल्या, कठडा नाही. दुसरी वाट डोंगराला वळसा घालून जाते, ती टोपली डोक्यावर घेऊन कुणी चालत नाही. शाळा, बाजार, दवाखाना, सगळं साकवावरून. एका वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मावशी शेवळांची टोपली फाटकाशी ठेवून माझ्या टेबलापाशी आली.

"भाऊ, साकवाची मधली फरशी फुटली. खाली सळया दिसतात. आता कळतं तरी. पाऊस लागला की वरून पानी जातं, मंग पाय कुठं ठिवायचा ते दिसत नाय."

"लिहून घेतो मावशी."

"लिवा. तुमी लिवलं की होतं. दिवा नाय लागला?"

मी तक्रार नोंदवली. नंबर आईचा. मग बांधकामाच्या इंजिनिअरकडे गेलो. तो गृहस्थ मोठा मोकळा. खुर्ची मागे कलंडवून म्हणाला, "साकव? सात दिवसांत? अहो, सात दिवसांत आमच्याकडे अंदाजपत्रकाला टाचणीसुद्धा लागत नाही."

"मग काय करू? लाल होईल."

"वाडीच्या बाकीच्या तक्रारी तुमच्याकडे हिरव्या होतातच की. तसंच करा. कामाचं मागाहून बघू."

तसंच म्हणजे कसं, हे त्याने विचारलं नाही. आमच्या कचेरीत 'कसं' विचारणं असभ्य समजतात.

सातव्या दिवशी दुपारी ताटात शेवळांची भाजी होती. मावशीकडचीच, काकडं घालून केलेली.

"नंबर आलाय बघ, आई."

"झालं ना रं काम?"

"झालं."

पाऊस सुरू झाला. मावशी पुन्हा आली. साकव तसाच आहे म्हणाली, पण रागाने नाही. माझ्यावर तिचा विश्वास होता, ही माझी अडचण होती. "तुमी लिवलं हाय ते म्हायती हाय मला. पन वरच्यांना जरा पुन्ना सांगा." जाताना टेबलावर कंटोळी ठेवून गेली. मी पुन्हा नोंदवलं आणि पुन्हा बंद केलं. कंटोळी घरी नेली.

आता वरच्यांचं सांगतो. त्याच सुमारास कामांना पैसे वाटण्याची बैठक झाली. मॅडमनी नियम केला: नगरसेवकाच्या ओळखीवर नाही, जिथे प्रलंबित तक्रारी जास्त तिथे आधी काम. इतका न्यायाचा नियम आमच्या कचेरीत पूर्वी कधी झाला नव्हता. त्यांनी टीव्हीकडे बोट केलं. मोठ्या इमारतींचा वॉर्ड लालभडक होता. तिथल्या सोसायटीच्या अध्यक्षांनी तक्रार केली होती की पायवाटेच्या ब्लॉकचा रंग उडाला आहे, आणि रंग परत येईपर्यंत ते नंबर देणार नव्हते. वाडी हिरवीगार. मॅडम कौतुकाने म्हणाल्या, "वाडीत एकही तक्रार बाकी नाही. बघा, मनावर घेतलं की होतं."

मी टेबलाच्या टोकाला होतो. दोन वाक्यं बोलायची होती. मॅडम, तो रंग खोटा आहे. तिथला साकव फुटलाय. मी ग्लासातलं पाणी प्यायलो. इंजिनिअरने लिहून घेतलं: पायवाटेचे ब्लॉक, नवीन.

श्रावणाच्या अलीकडे एका सकाळी मावशी टाकळ्याची टोपली घेऊन साकवावर आली. फरशीवरून पाणी जात होतं. तिचा पाय फुटलेल्या जागेतून खाली गेला आणि सळयांत अडकला, ती मात्र पाण्याच्या ओढीने आडवी झाली. वाडीतल्या माणसांनी तिला ओढून काढलं. टेंपोत घालून कर्जतला नेलं, तिथून पुढे पनवेलला. मला कळलं ते टपरीवर. चहावाला म्हणाला, "तुमची शेवळंवाली गेली खाली. जीव वाचला, पाय गेला." पाय गेला म्हणजे तोडला नाही. पण तो पुन्हा सरळ झाला नाही.

याबद्दल कुणी तक्रार नोंदवली नाही. माणूस पडल्याची तक्रार कुठल्या खात्यात करतात हे वाडीला माहीत नव्हतं, आणि आमच्या यादीतही तसं खातं नव्हतं. त्या महिन्यात वाडी हिरवी होती.

घरी आईने विचारलं, "ती बाय बसत नाय का रं हल्ली फाटकावर?"

"पडली म्हने. पाय मोडलाय."

"कुठं पडली?"

"साकवावर."

आईने कढईवर झाकण ठेवलं. मग म्हणाली, "तुमच्या हापिसात कुनी सांगितलं नव्हतं वाटतं." मी हात धुवायला उठलो.

त्या वर्षी नगरपरिषदेच्या वर्धापनदिनाला मॅडमनी नवी टूम काढली. नेहमीसारखे अधिकाऱ्यांचे सत्कार नकोत. ज्या नागरिकाने तक्रारसेवेचा सगळ्यांत जास्त उपयोग केला आणि सगळ्यांत चांगले गुण दिले, त्याचा करू. संगणकाने एक नंबर काढून दिला. फोन मॅडमनी स्वतः केला.

"शनवारी मला नगरपालिकेत बोलावलंय," आई म्हणाली. "तुज्या मॅडमनी. शाल देनार हायत. काय सांगितलंस रं त्यांना माज्याबद्दल?"

"जाऊ नको. तुजा गुडघा दुखतोय."

"गुडघा घरात बसून बी दुखतो."

ती आली. ठेवणीतलं लुगडं, नाकात नथ. कचेरीतल्या लोकांना गंमत वाटली, अरे ही तर आपल्याच माणसाची आई! मॅडमना तर फारच आनंद झाला. माईकवर म्हणाल्या, "स्वतः वाडीत राहत नसूनही वाडीच्या प्रत्येक प्रश्नासाठी झटणाऱ्या अशा आजी प्रत्येक वॉर्डात हव्यात." टाळ्या झाल्या. इंजिनिअर माझ्याकडे बघून सावकाश हसला. त्याला 'कसं' ते न विचारताच समजलं होतं.

आईला त्यातलं निम्मं समजलं नसावं. पण समोर मॅडम आहेत, हातात माईक आहे, एवढं तिला पुरलं. शाल सावरत ती म्हणाली, "मी काय केलं नाय. पन एक मागनं हाय. वाडीची बाय साकवावर पडून अधू झाली. तेवढा साकव करा. मंग मी समाधानी."

मॅडम तत्पर. त्यांनी तिथल्या तिथे तपासायला सांगितलं. पडद्यावर ती तक्रार आली, हिरव्या चौकटीत. मॅडम जरा गोंधळल्या, मग मायेने म्हणाल्या, "आजी, साकवाचं काम तर झालंय. दोनदा तक्रार आली, दोन्ही वेळा निकाली निघाली. नंबर तुमच्याच फोनवरून दिलाय, बघा."

"आजी विसरल्या!" मागून कुणीतरी ओरडलं. सभागृह हसलं. वाईट हसू नव्हतं, आपल्या आजीला हसावं तसंच.

मी खांबाशी, पाण्याच्या जारपाशी उभा होतो. आईने गर्दीतून मला शोधून काढलं. लहानपणी मी काही फोडलं की ती आधी फुटलेल्या वस्तूकडे बघायची आणि मग माझ्याकडे. आताही तिने आधी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिने एक शब्द बोलावा म्हणजे सगळं संपेल, असं मला वाटलं. भीती वाटली आणि सुटकाही वाटली. ती माईककडे वळली.

"असंल बाय," ती म्हणाली. "वय झालं. दिला असंल नंबर."

टाळ्या पुन्हा झाल्या.

घरी येऊन तिने शाल घडी करून माझ्या पुढ्यात ठेवली. त्यावर फोन ठेवला.

"मी कशाकशाला हो बोलले रं?"

मी फोन उचलून खिडकीत नेऊन ठेवला. माझी ही सवय तिला माहीत आहे. ती भाकऱ्या थापायला उठली. त्या दिवसापासून गॅसचा नंबर माझ्या बायकोच्या फोनवर येतो.

मग मी साकवाची नवी तक्रार नोंदवून बघितली, या वेळी माझ्या स्वतःच्या नंबरावर. संगणकाने घेतली नाही. 'याच ठिकाणची तक्रार यापूर्वी समाधानकारकरीत्या निकाली.' मध्यंतरी तसा नियम झाला होता, एकाच गोष्टीची पुन्हा पुन्हा तक्रार करून लोक आकडे बिघडवतात म्हणून. जुनी तक्रार पुन्हा उघडायची वाट एकच आहे: ज्या टेबलाने ती बंद केली त्यानेच लिहून द्यायचं की काम न होता बंद केली. खाली सही. मी कागद टाइप केला आणि इंजिनिअरने तो माझ्या टेबलावर पाहिला.

"वेड लागलंय का तुम्हाला? ही एक उघडली की बाकीच्याही उघडतील. मग आजींनाही बोलावतील, काय हो आजी, नंबर दिलात कशाला? त्या वयात हे घडवायचंय का?"

त्याने आईचं नाव पुढे केल्यावर मला फार बरं वाटलं. मी कागद खणात टाकला.

दिवाळीनंतर ओढ्याचं पाणी उतरलं तेव्हा आई म्हणाली, मला वाडीला ने. रिक्षाने कातळापर्यंत गेलो, तिथून चालत साकवापाशी. फुटलेल्या जागेवर वाडीच्या लोकांनी दोन बांबू आडवे टाकून दोरीने बांधले होते. आईचा गुडघा त्यावरून जाण्यासारखा नव्हता. मी पलीकडे निरोप धाडला. मावशी काठी टेकत टेकत पलीकडच्या काठाला आली आणि दगडावर बसली. मधे ओढा. दोघी मोठ्याने बोलू लागल्या.

"कसा हाय पाय?"

"हाय जागेवर. चालतं हाळूहाळू. तुमी कशाला आलाव एवढ्या लांब?"

"बाय गं, तुज्या पायाला मी कारन हाय."

"काय बोलताव आई? तुमी कशा?"

"साकव झाला म्हनून मीच सांगितलं त्यांना."

मावशीला काही कळलं नाही. ती हसली. "तुमचं आपलं कायतरीच. तुमचा पोरगा किती खटपट करतो आमच्यासाठी. दोनदा लिवलं त्यानं. वरचेच आयकत नाय, त्याला तो काय करनार? नाय का हो भाऊ?"

आई माझ्याकडे बघायला लागली. वारा नव्हता, ओढा उथळ होता, हळू बोललो असतो तरी पलीकडे ऐकू गेलं असतं.

"हो मावशी," मी म्हणालो. "करतोय खटपट."

परतताना मावशीने एका पोरीच्या हातून सुकवलेली काकडं पाठवली, आईला आमटीत घालायला. रिक्षात आई ती पुडी मांडीवर धरून बसली होती. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलते, जेवायला वाढते, तब्येत विचारते, पण 'झालं ना रं' असं कशाहीबद्दल विचारत नाही. दळण आणलं का, हेसुद्धा सुनेला विचारते.

मॅडमची बदली झाली. नवे साहेब आले, त्यांनी तोच टीव्ही ठेवला आणि रंग आणखी गडद करून घेतले. पायवाटेचे नवे ब्लॉक छान दिसतात. फाटकाबाहेर आता दुसरीच कुणी शेवळं विकते, जुडीबरोबर काकडं देत नाही.

हे लिहिलं म्हणजे सही केली असं होत नाही, हे मला कळतं. कागद खणातच आहे. साकवावर बांबूच आहेत आणि पुढचा पावसाळा येणार आहे. त्या कागदावरची सही मी देणं लागतो. आणि ओढ्यापलीकडे जाऊन, मावशी बसते त्या दगडापाशी उभं राहून, दोनदा लिहिणारा मी आणि दोनदा पुसणाराही मीच, हे तिला सांगणं लागतो.